तेविसावी तारीख

पहिलंच नाव वाचून आगटे सर थांबले. "केरबा चौगले. हे कोण?"

"कोअर शॉपमधले, सर. सव्वीस वर्षं सर्व्हिस."

"आणि यादीत सगळ्यात वर?"

"शीट तसं सांगतंय, सर," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, तसं म्हणताना मला आतून बरं वाटलं होतं. शीट सांगतंय, म्हणजे मी सांगत नाही. शीटला ना मामा ना काका.

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी एचआरला होते. नाव सांगत नाही, सांगून आता काय करायचंय. लोखंड ओतून गाड्यांचे भाग बनायचे. भाग आतून पोकळ हवा असेल तर साच्याच्या पोटात वाळूचा घट्ट गोळा बसवावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. आमच्याकडे हे कोअर बावीस माणसं हातानं करत. आता त्यासाठी यंत्र येणार होतं, आणि दुसऱ्या खात्यांतही थोडीथोडी छाटणी करून एकूण चाळीस माणसं कमी करायची होती. कागदावर त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणायचं. इच्छा कंपनीची, निवृत्ती कामगाराची.

चाळीस कोण, ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि मी ते मागून घेतलं होतं, हेही सांगून टाकते. त्याला कारण होतं. मी नोकरीला लागले त्या वर्षी अशीच बारा माणसं कमी केली होती. तेव्हा यादी सुपरवायझरांनी केली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा सगळा मामला. कुणाच्या पोरीच्या लग्नात वाढपी म्हणून राबलेला राहिला, आणि कुणाशी बांधावरून बोलाचाली झालेला गेला. मी नवी, नुसती पत्रं टाइप करत होते. त्या बारांतल्या एकाची बायको गेटवर आली होती. मला म्हणाली, "ते अडाणी हायती. तुम्ही शिकलेल्या, तुमाला तरी दिसाय पायजे हुतं." ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

म्हणून पुण्याहून आलेले हे नवे प्लांट हेड आगटे सर पहिल्याच बैठकीत म्हणाले की, या वेळी कुणाचं मत नको, आकडे हवेत, तेव्हा मी एकटीच मान हलवत होते. तीन वर्षांची हजेरी, उशिरा येणं, रद्द झालेला माल, अपघात, ओव्हरटाइमला नकार, सगळं गोळा केलं. सहा आठवडे दुसरं काही केलं नाही. प्रत्येक माणसापुढे एक आकडा येईल असं शीट बनवलं. आकडा जितका मोठा, तितका तो माणूस बेभरवशाचा. त्यात दोन गोष्टी माझ्या डोक्यातल्या होत्या, आगटे सरांच्या नव्हेत. एक म्हणजे, न सांगता एकेक दिवस दांडी मारणाऱ्याला तिप्पट गुण. आठ दिवस रजा टाकणाऱ्याच्या जागी आपण माणूस बघून ठेवतो, पण सकाळी अचानक न येणारा सगळी लाइन अडवतो. दुसरी गोष्ट, रजेच्या कारणाचा रकाना मी काढून टाकला. तिथं सगळ्यांचं एकच लिहिलेलं असायचं, 'घरगुती अडचण', आणि सुपरवायझरच्या मर्जीतल्यांची कारणं तेवढी भरजरी असायची. कारण गेलं म्हणजे वशिला गेला, असा माझा हिशेब. सरांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं, आणि एचआर मॅनेजरची रिकामी जागा बाहेरून भरायची गरज दिसत नाही, असंही सहज बोलून गेले. ते सहज बोललेलं मी घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं.

केरबा चौगल्यांच्या नावापुढे तीन वर्षांत तेवीस दांड्या होत्या. सगळ्या एकेक दिवसाच्या, एकही आधी कळवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले. यादी कुलपात होती, पण कारखान्यात बातमीला कुलूप लागत नाही. सगळे त्यांना केरबामामा म्हणायचे, मीही. पन्नाशी ओलांडलेला किरकोळ माणूस, भुवयांतसुद्धा काळी वाळू बसलेली. फरशी मळेल म्हणून सेफ्टीचे जड बूट त्यांनी दाराबाहेर काढले आणि मोज्यांवर आत आले. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेला टेकले.

"मॅडम, माझं नाव हाय म्हणं."

मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. असल्या वेळी म्हणायची वाक्यं असतात, ती सगळी म्हटली. त्यांनी ती ऐकून घेतली. मग म्हणाले, त्यांची पोरगी सांगलीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती पास होऊन कुठं तरी लागेपर्यंत त्यांना इथं राहायला हवं. त्याच्यापुढं कंपनीनं काय करायचं ते करावं, त्यांची ना नाही. रडले नाहीत, हात जोडले नाहीत. नुसतं विचारलं, "कशात कमी पडलो, तेवढं सांगा."

सांगायला नको होतं, पण मी सांगितलं. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तेवीस तारखा लाल रंगात दिसत होत्या.  ते ओठ हलवत एकेक तारीख वाचू लागले, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"ह्ये व्हय," ते म्हणाले. "ह्ये तर मयताचं."

मला कळायला थोडा वेळ लागला, असं दाखवलं मी. त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी कोअर शॉपात कुणाच्या घरी मयत झालं की तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला सगळं खातं जायचं. आपल्याकडची रीतच ती, मातीला नाही पोचलं तरी राखेला तरी गेलंच पाहिजे. पण एकदा असे सगळे गेले, मोठी ऑर्डर अडली, आणि त्या वेळच्या मालकांनी आठवडाभर सगळ्यांना गेटबाहेर ठेवलं. तेव्हा खात्यानं आपसांत ठरवलं की यापुढे एकानंच जायचं, सगळ्यांच्या वतीनं. त्या एकाचं नाव केरबा चौगले. त्यांचं काम शेवटच्या टेबलावर एकट्याचं होतं, ते आदल्या दिवशी जादा कोअर करून ठेवायचे म्हणजे लाइन थांबायची नाही. गाव लांबचं असायचं, नेसरी, गारगोटी, कुठं चंदगडच्या पुढं. एसटीनं जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडायचा. दुखवट्याला घेऊन जायचा पांढरा टॉवेल आदल्या दिवशी चहाच्या सुट्टीत खात्यात फिरायचा. प्रत्येकानं त्याला हात लावायचा. हात लावला म्हणजे तो माणूस जाऊन आला.

"मग तुम्ही कारण का नाही लिहिलं अर्जावर?" मी विचारलं.

"लिवलं हुतं की पयल्यांदा. अर्जावर नात्याचा रकाना असतोय, मॅडम. मयताशी नातं काय? त्या रकान्यात मी काय लिवू?" ते जरासे हसले. "रक्ताचं नसंल तर रजा मिळत न्हाई. मग बिनपगारी दांडी बरी. कुणाला खोटं सांगाय नको."

मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. तारखेपुढं माणूस, माणसापुढं गाव. महादू कांबळ्याची आई, मुरगूड. शौकत मुल्लाणीच्या वडिलांची तिसऱ्या दिवसाची जियारत, हुपरी. संभा हुजऱ्याचं सहा महिन्यांचं पोर. प्रत्येक ठिकाणी कोण कोण जमलं होतं, हेही त्यांना आठवत होतं. एकदा पाऊस लागून राहिला आणि राख भरायला पत्रा धरावा लागला, तो त्यांनीच धरला होता. माझं जेवण डब्यात तसंच होतं. मी टेबलाखाली बोटांवर मोजत होते.

त्यांनी बावीस सांगितल्या. मधली एक तारीख, अकरा डिसेंबर, त्यांच्या बोटानं ओलांडली आणि ते खालच्या ओळीवर गेलं. मी तोंड उघडलं होतं. पुन्हा मिटलं.

"ह्ये तुमच्या त्या हिशेबात कुठं बसतंय का, तेवढं बघा," उठताना ते म्हणाले. "बसत नसंल तर मग काय बोलायचं न्हाई."

बघते म्हटलं. बूट घालायला त्यांना वेळ लागला, वाकून नाड्या बांधत होते, आणि मी स्क्रीन परत माझ्याकडे वळवली.

शुक्रवारी यादीवर शेवटचा हात फिरवायचा होता. सोमवारी मालकांपुढे ती मीच मांडणार होते. मधले तीन दिवस मी काय केलं, तर काहीच नाही. विचार मात्र पुष्कळ केले. केरबामामांचं कारण खरं मानलं तर बाकीच्यांची कारणंही ऐकायला हवीत. चाळीस जण ओळीनं माझ्या केबिनबाहेर बसतील. कारण आलं की मागोमाग सुपरवायझर येणार, वशिला येणार. सहा आठवड्यांचं काम गेलं पाण्यात. हे सगळं विचार करण्यासारखंच होतं, अजूनही मला ते वाटतं. पण त्या सगळ्याच्या तळाशी एक साधी गोष्ट होती, की सोमवारी मालकांपुढे उभी राहून 'माझ्या शीटमध्ये चूक आहे' असं मला म्हणायचं नव्हतं. बाकी सगळा वरचा मुलामा.

आगटे सरांची एक सवय होती, यादीतलं प्रत्येक नाव ते स्वतः उघडून बघायचे. केरबामामांचं पान उघडून ते खुर्चीत मागे टेकले.

"रद्द माल शून्य. अपघात शून्य. ओव्हरटाइमला एकदाही नाही म्हटलेलं नाही. आणि तेवीस दांड्या. हे जुळत नाही, इंगवले. असा माणूस अशी दांडी का मारेल?" त्यांनी तारखांवरून नजर फिरवली. "सोमवार नाही, सणाचा दुसरा दिवस नाही, पगाराचा दुसरा दिवस नाही. अकरा डिसेंबर, गुरुवार. गुरुवारी माणूस कुठं जातो?"

"कारण नोंदवलेलं नाही, सर."

"ते दिसतंय. रेकॉर्ड सोडा. तुम्ही इथल्या आहात, मी बाहेरचा. तुम्हाला काही माहिती आहे?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता, त्यावर झाकण म्हणून बशी ठेवलेली होती. ती बशी मी उचलली आणि पुन्हा ठेवली.

"नाही, सर," मी म्हटलं.

त्यांनी पुढचं नाव उघडलं.

सोमवारी सगळं उत्तम झालं. मालकांचे धाकटे चिरंजीव म्हणाले, असं काम पुण्या-मुंबईत होतं असं ऐकलं होतं, आपल्याकडे पहिल्यांदा पाहिलं. महिनाअखेर मला मॅनेजरचं पत्र मिळालं. आईनं पेढे वाटले. मीही खाल्ला एक.

चाळीस जणांच्या सह्या माझ्याच टेबलावर झाल्या. काही भांडले, एकानं फाइल भिरकावली, ते सगळं सोसवलं. केरबामामा आले ते पुन्हा मोज्यांवर. वाचून न बघता सही केली. ओळखपत्र टेबलावर ठेवलं. गेटवरच्या यंत्रानं त्यांचा अंगठा त्या दिवशीही घेतला नाही. वाळूनं घासून घासून त्यावर रेघाच राहिल्या नव्हत्या, तीन वर्षं त्यांची हजेरी नंबर दाबूनच लागायची. वॉचमननं मला फोन करून विचारलं, शेवटचा दिवस आहे, तसंच सोडू का. सोड म्हटलं.

जाण्याआधी एकच बोलले. "माझ्या जागी कुणी जायचं, ते काय ठरलं न्हाई अजून. मयताची खबर हापिसात पयल्यांदा येती. तुम्ही तेवढं खात्यात सांगत जावा, म्हंजे कुणी तरी जाईल."

हो म्हटलं. ते मी कधी केलं नाही. कोअर शॉपकडे जायचा रस्ताच मी सोडला, कॅन्टीनला पलीकडून जायला लागले.

दोन महिन्यांनी संभा हुजऱ्याची बायको गेली. तोच संभा, ज्याचं लहान पोर गेलं होतं. खबर सकाळी माझ्याकडेच आली, मी त्याची रजा मंजूर केली आणि कामाला लागले. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, कोअर शॉपात तेरापैकी अकरा जण आले नाहीत. फोन कुणी उचलेना. नवं यंत्र चालवायलाही कुणी नाही, ते झाकण लावल्यासारखं गप्प उभं. दुपारपर्यंत कोअर संपले, साचे थांबले, भट्टीत वितळलेलं लोखंड परत ओतून टाकावं लागलं.

आगटे सरांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर माझंच शीट उघडं होतं. "अकराही जण तुमच्या आकड्यांनी सगळ्यात भरवशाचे," ते म्हणाले. "एकाच दिवशी. हे काय आहे, शोधून काढा. आठवडा घ्या हवा तर."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला आठवडा कशाला हवा होता? मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. टॉवेल, त्याला हात लावणं, एकानं जाणं, सगळं. तो एक माणूस कोण, तेही सांगितलं. आता जायला माणूस नाही म्हणून सगळे गेले, असंही सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की ते चिडतील कामगारांवर, नाहीतर त्या रीतीवर, नाहीतर माझ्या शीटवर.  त्यांनी फक्त एक विचारलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"यादी पक्की व्हायच्या आधी, सर."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो, सर."

"रेकॉर्ड सोडा, असंही म्हटलं होतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी ते नाव काढलं असतं, इंगवले. एक नाव काढायला काय लागलं असतं मला? म्हणून तर विचारत होतो."

दोन महिने मी स्वतःला समजावत होते की शीटनं केलं, वरच्यांनी केलं, काळच तसा आहे. त्या दिवशी ते सगळं एका वाक्यात गेलं. शीटनं तारखा लाल करून दाखवल्या होत्या. साहेबांनी बोट ठेवून विचारलं होतं. ज्यांचं होतं त्यांनी स्वतः येऊन सांगितलं होतं. उरले कोण, तर मी.

त्यांना परत बोलवा, सरांनी सांगितलं. पत्र मीच टाइप केलं आणि रविवारी स्कूटी घेऊन मामांच्या गावी, टोपला निघाले.

सरांना मी सगळं सांगितलं, असं वर लिहिलंय. सगळं नव्हतं सांगितलं. अकरा डिसेंबर सांगितली नव्हती.

नऊ डिसेंबरला माझे अप्पा गेले होते. मला भाऊ नाही. चुलत्यांशी वाटणीवरून बोलणं बंद होतं, ते आले नाहीत. अकरा तारखेला सकाळी आम्ही कागलच्या स्मशानात राख सावडत होतो, आई, मी, मावशीचे यजमान आणि शेजारचे दोघं. इतकीच माणसं. ऑफिसमधून व्हॉट्सअॅपवर हात जोडलेली चित्रं आली होती, चाळीसेक तरी. आणि साडेआठच्या सुमाराला केरबामामा फाटकातून आत येताना दिसले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. मला वाटलं, इथं त्यांचं कुणी असेल. ते येऊन आमच्यात उभे राहिले. मडक्यात राख भरली, नदीला गेलो, ते बरोबर होते. शेवटी पिशवीतून टॉवेल काढला. टॉवेल घरातल्या पुरुषाला द्यायचा असतो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि तो माझ्या हातात दिला. "खात्याकडनं," म्हणाले. "हापिसाची मानसं आमच्यात धरत न्हाईत, पर पोरं म्हणाली, मॅडम एकट्या हायत." पांढऱ्या टॉवेलवर बोटांचे काळे ठसे उठले होते, सगळीकडे. बावीस माणसांचे.

त्या रात्री आई म्हणाली होती, तुझा कारखाना चांगला आहे गं. तो टॉवेल तिनं धुऊ दिला नाही. अजून आमच्या कपाटात आहे.

म्हणजे मामा मला ती रीत समजावून सांगत होते, तेव्हा मला ती माहीत होती. आणि सरांनी गुरुवारी माणूस कुठं जातो म्हणून विचारलं, तेव्हा तो कुठं गेला होता हे जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

टोपला त्यांचं घर खाणीकडच्या अंगाला होतं. मामा अंगणात म्हशीला पाणी दाखवत होते. मला बघून गडबडीनं हात पुसले, आत हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. मी खाटेवर बसले आणि पत्र दिलं. त्यांनी वाचायला चष्मा आणला नाही, मलाच वाचायला लावलं. वाचलं. त्यांच्या बायकोनं दारातूनच ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

"आमचं सगळ्यांचं आलंय का असं?" मामांनी विचारलं.

"नाही. तुमचंच."

"मग बाकीची एकुणचाळीस?"

 मी म्हटलं, तुमच्या बाबतीत चूक झाली होती, ती सुधारायची आहे. त्यांनी मान हलवली, कळल्यासारखी.

"सगळ्यांच्या वतीनं जायाची सवय हाय मला, मॅडम," ते म्हणाले. "पर परत यायचं सगळ्यांच्या वतीनं येता येत न्हाई. मी एकटा गेटातनं आत गेलो, तर त्यास्नी काय तोंड दावू? आमच्या खात्यातली आठजण हायत त्यात." त्यांनी पत्राची नीट घडी घालून ते माझ्या बाजूला ठेवलं. "र्‍हाऊ दे."

"पोरीचं कॉलेज?" मी विचारलं. विचारायचं धाडस कुठून आलं, माहीत नाही.

पोरगी वडगावला औषधाच्या दुकानात उभी राहते, त्यांनी सांगितलं. कॉलेज एक वर्ष थांबवलंय. पुढच्या साली बघू, असं ते म्हणाले आणि म्हशीकडे बघत राहिले. त्या आवाजात पुढचं साल नव्हतं. बायको चहा घेऊन आली, कप माझ्या हातात देताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मला तिथं खूप रडावंसं वाटलं आणि लाजही वाटली, कारण रडले असते तर त्यांनीच मला समजावलं असतं. त्यांना तेवढं काम येत होतं.

मी निघायला उठले. स्कूटीपर्यंत ते सोडायला आले. हुजऱ्याकडं कोण कोण गेलं होतं, विचारलं त्यांनी. अकरा जण, मी म्हटलं. बरं झालं, म्हणाले, तेही गेले होते, पण उशिरा पोचले, गाठ पडली नाही. मी किल्ली लावली आणि तशीच थांबले. हे विचारल्याशिवाय मला जाता येत नव्हतं.

"मामा, त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही बावीस तारखा सांगितल्या. तेवीस होत्या."

"व्हय."

"अकरा डिसेंबर का नाही सांगितली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी रडू लागले तर काय बोलावं, याचा विचार करत असावेत, असे बघत होते.

"ती तुमाला ठावंच हुती की," ते म्हणाले. "म्हटलं, ती तुम्ही सांगशीला."